दिवसा सांगितलेली गोष्ट

“…पण लिहायला वेळ आणायचा कुठून?” श्रीरंगनं विचारलं.

गुणामायनं उत्तर दिलं नाही. ती पळसाच्या पानांच्या पत्रावळी लावत होती. पानावर पान ठेवायची, मधे काडी टोचायची.

श्रीरंगला वाटलं, ऐकू गेलं नसेल. त्यानं पुन्हा विचारलं, जरा मोठ्यानं आणि जरा सोपं करून. समोरचं माणूस गप्प बसलं की त्याला समजलं नाही, असं माझा नवरा धरून चालतो. लग्न झालं तेव्हा सुरुवातीला मलाही त्यानं पुष्कळ गोष्टी दोनदोनदा समजावून दिल्या होत्या.

“ऐकलं,” गुणामाय म्हणाली.

आणि पुन्हा पानाला काडी टोचली.

गुणामायची मढी, म्हणजे तिची झोपडीच, कोसमटोल्याच्या तलावाखाली आहे. तलावाची पाळ मढीच्या छपरापेक्षा उंच, त्यामुळे ओसरीत बसलं की डोक्यावर कुठंतरी पाणी आहे याची जाणीव राहते. आसपासच्या गावांतले लोक तिच्याकडे हरवलेलं विचारायला येतात. बैल, नथ, रागावून घर सोडून गेलेला मुलगा. ती कधी सांगते, कधी नुसती पत्रावळ हातात देते आणि जा म्हणते. आम्हाला सासूबाईंनी धाडलं होतं. त्यांच्या मते आमच्या दोघांचंही काहीतरी हरवलं होतं.

श्रीरंगचं पुस्तक.

माझा मामा.

बसमधून उतरताना श्रीरंग म्हणाला, आधी मी विचारतो, माझं लवकर आटपेल.

श्रीरंग मुलांसाठी अद्भुतकथा लिहितो. बोलणारी झाडं, उलटी वाहणारी नदी, असलं. त्याचा एक छोटा संग्रह बरा चालला, म्हणून प्रकाशकानं कादंबरी मागितली, आणि श्रीरंगनं बँकेतून संक्रांतीपर्यंत बिनपगारी रजा घेतली. हे सगळं त्यानं गुणामायला सांगितलं. नवीन टेबल घेतल्याचं सांगितलं. पहाटे उठून पाहिलं, चहा सोडून पाहिला, परत धरून पाहिला, तेही सांगितलं. प्रेरणा मिळावी म्हणून एकटा जंगलात राहून आला, हेही. तिथून ताप घेऊन आला, हे नाही सांगितलं.

घरात किती आवाज असतो त्याबद्दल तो बराच वेळ बोलला. कुकरच्या शिट्टीनं म्हणे एक राक्षस कायमचा गेला. मी खाली पाहिलं. डाळ मीच लावली होती.

“पुस्तक कायचं हाय?” गुणामायनं विचारलं.

त्याचा चेहरा उजळला. एक रस्ता असतो, तो सांगू लागला. लोकांच्या पायाखाली पडून पडून कंटाळलेला. जन्मात त्याला कोणी कसा आहेस म्हणून विचारलेलं नसतं. एक दिवस तो उठतो, अंग झटकतो, आणि गाव सोडून चालू लागतो. पण त्या वेळी त्याच्यावरून एक माणूस कुठंतरी चाललेला असतो. रस्ता निघतो तो त्या माणसाला घेऊनच.

“हे कवा सुचलं तुले?”

श्रीरंग हसला. माझ्याकडे बोट करून म्हणाला, हिच्याच लग्नाच्या दिवशी.

जणू त्या लग्नात तो पाहुणा होता.

मग त्यानं ते सविस्तर सांगितलं. वऱ्हाड जानोशात उतरलं होतं. लग्न संध्याकाळचं, आणि दुपारी वऱ्हाडातल्या पोरांनी मंडपाचे दोर सोडायला घेतले. माझी नणंद म्हणाली, दादा, तुझ्या मेल्या गोष्टी काय फक्त छापायच्याच आहेत, धर यांना. हा हळदीच्या अंगानं, मुंडावळ्या मागे सारून पोरांमध्ये बसला, आणि तोंडातून ही गोष्ट आपोआप निघाली. पोरं चिडीचूप. एकानं तर पापणी लववली नाही, श्रीरंग म्हणाला. आयुष्यात इतकी चांगली गोष्ट त्यानं कधी सांगितली नव्हती. रस्ता उठला, निघाला, आणि तेवढ्यात भटजींचं बोलावणं आलं. गोष्ट तिथंच राहिली.

“मला तेवढीच परत पाहिजे,” तो म्हणाला. “ती दुपार.”

“दुपारची सांगतली?” गुणामायनं विचारलं.

“हो. चांगलं ऊन होतं.”

गुणामायच्या हातातली काडी थांबली.

…

“अन् तुहा मामा?” तिनं माझ्याकडे न पाहता विचारलं.

मी अजून काही बोललेच नव्हते.

सुखराम मामा आईचा एकुलता एक भाऊ. माझ्या अंगावर लग्नात चढायची पिवळी साडी तो आणणार होता. तो सकाळीच मोटरसायकलवर निघाला. माझ्या माहेरचा रस्ता त्याच्या लहानपणापासून पायाखालचा. झोपेतही चुकला नसता. दुपार झाली, संध्याकाळ झाली, अंतरपाट धरला, भटजींनी दोन मंगलाष्टकं जास्तीची म्हटली. शेवटी एक चुलत मामा माझ्या मागे उभा राहिला आणि दुसरीच साडी नेसून माझं लग्न लागलं.

मामा आला नाही. अजून आलेला नाही.

एवढं मी सांगितलं आणि थांबले. पुढचं मी सहसा सांगत नाही. लोक मामीकडे पाहतात तसे माझ्याकडे पाहू लागतात.

“दिसते तो,” गुणामाय म्हणाली.

“दिसतो,” मी म्हणाले.

ज्येष्ठात एका फाट्यावरच्या चहावाल्यानं फोन केला. मामानं कधीकाळी त्याला घरचा नंबर दिला होता. म्हणाला, तुमचा माणूस आत्ता इथं होता. इस्त्रीचा पांढरा शर्ट, डोक्याला फेटा, गाडीच्या टाकीवर गाठोडं. लग्नघर कुठं म्हणून विचारत होता. मुहूर्त जवळ आला, लवकर सांगा जी, म्हणाला. चहावाल्यानं रस्ता दाखवला, आणि मामा त्या रस्त्यानं गेला. नंतर चहावाल्याच्या लक्षात आलं, लग्न होऊन महिना झाला. आणि त्या शर्टाची घडीसुद्धा मोडलेली नव्हती.

आषाढात तो एका बस कंडक्टरला दिसला. भर पावसात, कोरडा.

भादव्यात नदीच्या डोंग्यावर, पैलतीरी नेणाऱ्या होडीवर.

पोलिसांनी तक्रार लिहून घेतली आणि म्हणाले, धडधाकट माणूस आहे, गाडी आहे, रस्ता विचारतोय, यात हरवलंय काय? मामी प्रत्येक फोनसरशी त्या गावाला धावत जाते. तोवर मामा विचारून पुढे गेलेला असतो. दसऱ्यानंतर एकही फोन नाही. आता मामी रोज ओट्यावर बसून राहते, आणि मला तिला भेटायला जायची भीती वाटते. मामा सापडला नाही तर ती मला काही म्हणणार नाही, हे मला ठाऊक आहे. तीच भीती आहे.

गुणामाय थांबली होती. आणखी काहीतरी आहे, हे तिला कळलं होतं.

मग मी ते सांगितलं. श्रीरंगलाही कधी सांगितलं नव्हतं.

श्रीरंग लिहिलेलं मला संध्याकाळच्या चहाबरोबर वाचून दाखवतो. ज्येष्ठात त्यानं वाचलं, रस्ता एका फाट्यापाशी ओळखीच्या वडाला भेटला. दुसऱ्या दिवशी चहावाल्याचा फोन आला. आषाढात रस्ता पावसात छत्री शोधत हिंडला. त्याच आठवड्यात कंडक्टर. रस्ता नदीवर पाणी प्यायला बसला, आणि मामा डोंग्यावर दिसला.

दसऱ्याला श्रीरंगचं लिहिणं अडलं. रस्ता कुठं वळवावा ते सुचेना. तेव्हापासून फोन नाही.

आमटीत मीठ किती घातलं हे सांगावं, तशा आवाजात मी हे सांगून टाकलं. मला दुसरा आवाज काढता आला नसता.

श्रीरंग माझ्याकडे पाहत राहिला. मग हसला. योगायोग आहे, म्हणाला. मग त्याचे डोळे चमकले.

“अगं, हे तर पुस्तकात घेता येईल.”

वर पाळीवर वारा नव्हता, तरी कुठंतरी गवत हलल्यासारखं वाजलं.

“दिवसा गोष्ट सांगतली का मामा वाट चुकते,” गुणामाय त्याला म्हणाली. “तुह्या मायनं सांगतलं नाही?”

श्रीरंगला ही म्हण ठाऊक होती. त्यानं तिच्यावर एकदा लेखही लिहिला होता. कामाच्या वेळी लोकांनी गोष्टी ऐकत बसू नये म्हणून जुन्या माणसांनी घातलेली ती भीती आहे, असं त्यानं समजावून सांगितलं. एकदाच सांगितलं, हे मी मनात नोंदवलं.

“हाव,” गुणामाय म्हणाली. “त्याच्यासाठीही हाय.”

“आणि गोष्ट मी सांगितली. मग मामा हिचा कसा हरवेल?”

“हळद लागली होती ना तुले?”

“हो.”

“मंग तिचा मामा तुहाही झाला. तुहा सख्खा मामा कुठं होता?”

श्रीरंगला आठवावं लागलं. जानोशात, तो म्हणाला. जेवत होते.

“वाटेवर कोण होता?”

श्रीरंग माझ्याकडे वळला.

…

“तू मानत नाही हे,” गुणामाय म्हणाली.

“नाही.”

“बरं. मंग सांग. जिथं सोडली तिथून.”

“आत्ता?”

“आता. मले गोष्ट आवडते.”

ओसरीबाहेर ऊन पांढरं पडलं होतं. उकिडवं बसण्यापुरती सावलीसुद्धा कुठं नव्हती. श्रीरंगनं बसल्या जागी पाठ सरळ केली. लोकांना वाचून दाखवताना करतो तशी. तोंड उघडलं.

आणि मिटलं.

त्याचा हात खिशाकडे गेला. फोन काढून पाहिला. मढीत रेंज नसते. तो फोनकडे पाहतच म्हणाला, “आज माझे मामा नागपूरहून निघालेत. आमच्याकडेच येतायत.”

“येऊ दे ना.”

“सकाळी निघाले. म्हणजे आत्ता…”

“वाटेवर असंल.”

त्यानं फोन खिशात ठेवला. परत काढला.

“आता वेळ हाय तुले?” गुणामायनं विचारलं.

“…आहे.”

“कुकर नाही, टेबल नाही. सुचते का?”

श्रीरंगच्या कपाळावर घाम आला होता. त्याचे ओठ हलत होते. असा चेहरा मी त्याचा एकदाच पाहिला होता, लग्नात, अंतरपाट बाजूला झाला तेव्हा. तेव्हा मला वाटलं होतं, तो चेहरा मला पाहून झालाय.

“सुचतंय,” तो अगदी हळू म्हणाला. “सगळं सुचतंय. शेवटापर्यंत.”

“मंग?”

तो तोंडावर हात ठेवून बसला. बोटं अशी घट्ट दाबलेली, जणू सोडली तर आतून काही बाहेर येईल. मला त्याची दया आली, आणि थोडंसं बरंही वाटलं. दोन्ही एकदम वाटू शकतं, हे मी लग्नानंतर शिकले आहे.

गुणामायनं पत्रावळ बाजूला ठेवली.

“पोरी, तू सांग.”

मला गोष्टी येत नाहीत, मी म्हणाले. मी फक्त ऐकते.

“ऐकली ना? मंग तुले ठाऊक हाय तो कुठं उभा हाय. तुहा मामा तर हरवलाच हाय. तुले आता कायचं भेव?”

माझी गोष्ट मामेसासऱ्यांना लागू पडते की नाही, हे मी विचारलं नाही.

मी पदर सारखा केला.

“रस्ता फाट्यावर थांबला होता,” मी म्हणाले.

“हं,” गुणामायनं हुंकारा दिला. आमच्याकडे गोष्ट ऐकणाऱ्यानं प्रत्येक वाक्याला हुंकारा द्यायचा असतो. हुंकारा थांबला की सांगणारा थांबतो. ऐकणारा झोपला, असं समजतात.

“त्याच्यावर एक माणूस उभा होता. इस्त्रीचा शर्ट. फेटा. गाडीच्या टाकीवर गाठोडं.”

“हं.”

श्रीरंग बोटांच्या आडून म्हणाला, माझ्या गोष्टीत गाडी नाहीये. कोणी त्याच्याकडे पाहिलं नाही.

“माणसानं गाडी बंद केली. खाली उतरला. चप्पल काढली आणि अनवाणी उभा राहिला. रस्त्याला म्हणाला, लय दमले असान जी.”

“हं.”

माझा मामा सगळ्यांना जी म्हणतो. वासराला म्हणतो, पंप सुरू झाला नाही तर पंपालाही म्हणतो.

“रस्त्याला आजवर कोणी जी म्हटलं नव्हतं. तो लाजला. पसरलेले पाय त्यानं पोटाशी घेतले.”

“रस्त्याले पाय असते?”

“त्याला असतात.”

“हं.”

“रस्ता म्हणाला, कुठं चालले? माणूस म्हणाला, भाचीच्या लग्नाले. मुहूर्त जवळ आला, लवकर सांगा जी.”

“हं.”

“रस्ता म्हणाला…”

इथं मी अडकले.

रस्त्याला खरं ठाऊक होतं. लग्न कधीच लागून गेलं. पिवळ्या साडीची आता गरज नाही. नवरी इथं तलावाखाली बसली आहे, आणि पाऊस, भातकापणी, दिवाळी सगळं होऊन गेलं आहे. हे रस्त्यानं सांगितलं, तर ते सगळे महिने त्या घडी न मोडलेल्या शर्टावर एकदम येऊन पडले असते. मामाच्या केसांवर, गुडघ्यांवर. तो किती म्हातारा होऊन येईल, मला दिसेना. येईल का, तेही दिसेना.

गुणामाय वाट पाहत होती.

“रस्ता म्हणाला,” मी म्हणाले, “अजून वेळ हाय जी. सावकाश चला. मी तिकडेच निघालो.”

“हं.”

“आणि रस्ता परत फिरला.”

“हं.”

तेव्हा पाळीवर मोटरसायकल वाजली.

लांबून. जुन्या गाडीचा आवाज, मधेच खोकणारा. चढावर तो खोकला वाढायचा, आणि आम्ही भावंडं लहानपणी अंगणातून ओरडायचो, मामाची गाडी बिडी प्यायला लागली. तोच. आवाज पाळीच्या त्या टोकाकडून येत होता आणि जवळ जवळ होत होता.

मी सांगायची थांबले.

आवाजही थांबला.

…

श्रीरंग उठून धावतच ओसरीच्या कडेला गेला. कपाळावर हात धरून त्यानं वर पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

“कोणी नाही,” तो म्हणाला. मग म्हणाला, “धूळ आहे. उभी आहे. खाली बसत नाहीये.”

मी उठू लागले. पदर ओढला गेला. गुणामायनं त्यावर गुडघा ठेवला होता.

“बस. पुढं सांग.”

मी सांगायला गेले. शब्द होते, पण ते जाणार कुठं? गुणामायनं डोळे मिटले होते आणि तिचा हुंकारा येत नव्हता. ती झोपली होती की तसं दाखवत होती, मला कळलं नाही. मढीत इतकं शांत झालं, की वरच्या तलावाचं पाणी काठाला लागल्याचं ऐकू आलं.

श्रीरंग परत येऊन माझ्यासमोर बसला. मांडी घालून, जवळ, लग्नात त्याच्यासमोर ती पोरं बसली असतील तसा. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

“माझं पुस्तक…” त्यानं सुरुवात केली. वर पाळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग तिच्याकडे.

“माय, मी काय करू?”

यावेळी त्यानं पुन्हा विचारलं नाही. वाट पाहिली.

गुणामायनं डोळे उघडले नाहीत.

“तिचा मामा पाळीवर उभा हाय,” ती म्हणाली. “तू हुंकारा दे.”